आंघोळ झाली, तरी वास का येतो? वयात येणाऱ्या मुलांसाठी कोकणातल्या घरातली पद्धत

मुलाच्या शाळेच्या शर्टाला इस्त्री करत होते. कॉलर झाली, पाठ झाली, आणि काखेच्या शिवणीवर इस्त्री टेकताच वाफेबरोबर कांद्यासारखा आंबूस वास वर आला. शर्ट आदल्याच दिवशी धुतलेला. मीच धुतला होता. मुलगा तेव्हा सहावीत, अकरा वर्षांचा. तो वयात यायला लागलाय हे मला त्या शिवणीने सांगितलं.

आठवडाभराने तो स्वतःच विचारत आला, "आई, माझ्या आंगाक वास येता काय गो?" वर्गात शेजारच्या मुलाने जागा बदलून घेतली होती. सकाळ-संध्याकाळ आंघोळ करणारं पोर, त्याला काय उत्तर द्यायचं ते मला चटकन सुचलं नाही. मी स्वतः देवगड तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, ग्रंथींचा धडा मला पाठ आहे, तरीही.

त्यानंतर मी या गोष्टीकडे नीट लक्ष दिलं. घरात एकेक करून पाहिलं, शाळेत पालकसभेनंतर थांबून हळू आवाजात विचारणाऱ्या आयांशी बोलले. एक गोष्ट मला पक्की पटली आहे. आपल्याकडची मुलं धुण्यात कमी पडत नाहीत, सुकण्यात कमी पडतात. अंग ओलं, बनियन दमट, गणवेश अर्धवट वाळलेला, बूट काल भिजलेले. "नीट आंघोळ कर" हे सांगणं त्यामुळे फुकट जातं. खाली जे लिहिलंय त्यातला मोठा भाग म्हणूनच कोरडं कसं राहायचं याबद्दल आहे.

अंगात नेमकं काय सुरू होतं

घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार जन्मापासून सगळ्या अंगावर असतो, वीस ते चाळीस लाख इतक्या संख्येने. त्यांचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असतात. लहानपणी त्या काम करत नाहीत, वयात येताना सुरू होतात. त्यांच्या घामात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. हा घाम बाहेर येतो तेव्हा त्याला जवळपास वास नसतोच. त्वचेवरचे जिवाणू तो खातात आणि मागे काही आम्लं आणि गंधकाची संयुगं सोडतात, त्यांचा तो उग्र वास. कांद्याच्या वासातही गंधक असतंच, म्हणून काखेचा वास कांद्यासारखा वाटतो.

पाच वर्षांचं पोर दिवसभर लाल मातीत लोळून घामाघूम झालं तरी त्याला असा वास येत नाही, तो यामुळे. आणि अकरा वर्षांचं मूल तितकंच खेळून आलं की खोलीत शिरताच कळतं, तेही यामुळेच. ते आळशी झालेलं नसतं की घाणेरडंही झालेलं नसतं.

मुली साधारण ८ ते १३ आणि मुलगे ९ ते १४ या वयात केव्हाही वयात यायला लागतात. वास पुष्कळदा बाकी खुणांच्या आधी येतो, कारण मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्यांची संप्रेरकं आधी सोडू लागतात. चौथीतल्या मुलीच्या फ्रॉकला वास येऊ लागला तर घाबरून जायचं कारण नाही. फार लवकर आला तर काय करायचं ते शेवटी लिहिलंय.

जिवाणूंना दोन गोष्टी लागतात, ओल आणि वेळ. घाटावर उन्हाळ्यात घामाने भिजलेला शर्ट झाडाखाली थोडा वेळ बसलं की सुकतो. आपल्याकडे हवाच इतकी दमट की घाम येतो पण उडत नाही, पाठीला चिकटून राहतो. मे महिना, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि मग ऑक्टोबरची काहिली, म्हणजे वर्षातले निम्मे महिने जिवाणूंची चंगळ.

पहिलं काम बोलायचं

चारचौघांत नाही, जेवताना नाही, आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तर मुळीच नाही. संध्याकाळी कपडे घड्या करताना, विहिरीवर पाणी काढताना, हाताला काही काम असताना बोललेलं मुलांना सोपं जातं, डोळ्यांत बघावं लागत नाही. मी मुलाला साधारण असं सांगितलं: "तुझ्या काखेतल्या घामाच्या ग्रंथी आता सुरू झाल्यात. माझ्याही तुझ्याच वयात झाल्या होत्या, तुझ्या बाबांच्याही. आता काखा साबणाने धुवायच्या आणि शर्ट रोज बदलायचा. कसं ते मी दाखवते."

एवढंच. "शी", "घाण", "डुकरासारखा वास मारतोस" हे शब्द घरात कोणाच्याच तोंडी येता कामा नयेत. आजी सहज बोलून जाते, मोठी बहीण नाक धरते, आणि पुढे मूल कोणाच्या शेजारी बसायला कचरतं. मला शाळेत अशी मुलं दिसतात, हात वर करून उत्तर द्यायचं टाळणारी. उत्तर येत असतं, पण हात वर केला की काख उघडी पडते.

आपल्याकडे कित्येक घरांत वडील मुंबईला असतात. मुलगा आईशी जांघेबद्दल, केसांबद्दल बोलायला लाजत असेल तर वडिलांनी फोनवर बोलावं, किंवा मामाला, काकाला नीट समजावून सांगून त्याच्याकडे हे काम द्यावं. मात्र बोलणाऱ्याने चेष्टेवारी नेता कामा नये.

एक गोष्ट मुलाला जरूर सांगा, की आपला वास आपल्याला येत नाही. नाक सततच्या वासाला सरावतं आणि तो कळवायचं सोडून देतं. म्हणून "मला तर नाही येत" असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. आम्ही एक खूण ठरवली. मी "निळा शर्ट कुठे रे?" असं विचारलं की त्याने समजून घ्यायचं आणि शर्ट बदलून यायचं. बाहेरच्या कोणाला काही कळत नाही.

आंघोळ

दोन तांबे डोक्यावरून घेतले की मुलांची आंघोळ झाली. या वयात ती पद्धत पुरत नाही. पहिले दोन-तीन दिवस न्हाणीच्या दाराबाहेर उभं राहून क्रम सांगा. आधी अंग भिजवायचं. मग हातावर साबणाचा फेस करून काखा, जांघा, पार्श्वभाग आणि पावलं, या चार जागा सावकाश चोळायच्या. काखेत फेस तीस आकडे मोजेपर्यंत राहू द्यायचा. केस आले असतील तर फेस मुळांपर्यंत बोटांनी पोचवायचा. मग भरपूर पाणी, कारण साबण राहिला तर खाज येते. हात-पाय-पाठीला रोज साबण लावलाच पाहिजे असं नाही.

साधा साबण पुरतो. जंतुनाशक म्हणून महाग मिळणाऱ्या वड्यांची गरज नसते. पाठीला घोसाळ्याची जाळी वापरत असाल तर ती प्रत्येकाची वेगळी हवी आणि वापरून झाल्यावर वाऱ्यावर टांगायला हवी. न्हाणीच्या कोनाड्यात ओली पडलेली जाळी स्वतःच कुबट होते.

मुलग्यांना शिश्नाची त्वचा जितकी सहज मागे जाईल तितकीच सरकवून साध्या पाण्याने धुवायला आणि पुन्हा पुढे घ्यायला सांगा. जोर करायचा नाही. मुलींनी बाहेरचा भाग पाण्याने धुवायचा, आत साबण किंवा सुगंधी काही घालायचं नाही. आतली स्वच्छता शरीर आपली आपण राखतं, साबणाने ती बिघडते.

सकाळची आंघोळ साबणाची, आणि शाळेतून किंवा कबड्डीवरून आल्यावर निदान काखा-पाय धुणं, असा रोजचा नेम असू द्या. समुद्रात डुंबून आलेल्या मुलानेही गोड्या पाण्याने अंग धुवावं. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, साबणाला फेस येत नाही आणि त्याचा चिकट थर अंगावर राहतो. अशा दिवसांत शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे ठेवा.

अंग पुसणं, जे कोणी शिकवत नाही

न्हाणीतून निथळत बाहेर येऊन तसंच बनियन चढवायचं, ही आपल्याकडच्या निम्म्या मुलांची सवय. ओल्या काखेवर बनियन गेलं की ती काख दमट हवेत दुपारपर्यंत सुकत नाही. शाळेची घंटा होण्याआधीच जिवाणूंचं काम सुरू.

पावसाळ्यात जाड टर्किश टॉवेल बाजूला ठेवा. तो दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याचाच वास अंगाला लागतो. आपला जुना सुती पंचा याबाबतीत कितीतरी चांगला: पातळ, पाणी पटकन टिपणारा, पंख्याखाली दोन-तीन तासांत सुकणारा. प्रत्येक मुलाला दोन पंचे द्या, आज एक, उद्या दुसरा. काखा चोळायच्या नाहीत, टिपायच्या. जांघा टिपायच्या. पायाच्या बोटांमधली प्रत्येक बेचकी वेगळी टिपायची. मग पाच मिनिटं पंख्याखाली किंवा पडवीत वाऱ्यावर हात थोडे वर करून उभं राहायचं, आणि मग कपडे.

ही पाच मिनिटं मिळावीत म्हणून मी मुलाला दहा मिनिटं लवकर उठवू लागले. पहिल्या पंधरवड्यात जो फरक पडला, त्याचं मोठं श्रेय मी या पाच मिनिटांना देते.

गणवेश

आता इस्त्रीखालच्या त्या शिवणीकडे येते. गणवेश बहुधा टेरीकॉटचे असतात. त्यातला पॉलिस्टरचा धागा पाणी फारसं शोषत नाही, पण घामातले तेलकट पदार्थ धरून ठेवतो. सुती कापडापेक्षा त्यात वास जास्त मुरतो. नुसत्या धुण्याने तो पूर्ण जात नाही, थंड असताना लपून राहतो, आणि गरम इस्त्री किंवा गरम अंग लागलं की वर येतो. आंघोळ करून गेलेल्या मुलाला पहिल्या तासालाच वास का येतो, त्याचं उत्तर पुष्कळदा शर्टात असतं.

धुण्याची पद्धत अशी ठेवा. शर्ट अंगातून काढल्यावर बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. उलटा करायचा आणि लगेच पाण्यात, निदान दोरीवर. धुताना तो उलटाच असू द्या, कारण घाम आतून असतो. काखेच्या शिवणीला धुण्याची पावडर ओली करून लावा, वीस मिनिटं थांबा, मग मऊ ब्रशने घासा. जुना मुरलेला वास असेल तर आधी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात अर्धा तास भिजवा, खळबळून काढा, मग नेहमीसारखं धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पावडर जास्त घातली की कपडे जास्त स्वच्छ होतात असंही नाही. नीट न निघालेली पावडर आणि सुगंधी मऊपणासाठी शेवटी घालतात ते द्रव, दोन्हींचा थर धाग्यावर बसतो आणि वास त्याखाली टिकतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. चार-चार दिवस ऊन दिसत नाही. ओलं कापड खूप तास ओलंच राहिलं की त्यात जिवाणू वाढतात आणि तो ओळखीचा कुबट वास येतो. म्हणून रात्री कपडे धुवून सकाळपर्यंत वाळतील अशी आशा करू नका. मूल पाच वाजता घरी आलं की तेव्हाच शर्ट धुवायचा. पिळून झाला की कोरड्या पंच्यात गुंडाळायचा आणि पंच्यासकट पुन्हा पिळायचा. पंचा किती पाणी ओढून घेतो ते एकदा करूनच बघा. मग शर्ट दोरीवर दुमडून न टाकता हँगरला लावा, बटणं उघडी, बाह्या मोकळ्या, दोन कपड्यांत वीतभर अंतर. वर पंखा. एका दोरीवर सगळ्या घराचे कपडे एकावर एक टाकले तर एकही वाळत नाही. चुलीवरच्या दोरीवर वाळवत असाल तर आच मंद झाल्यावर टाका, नाहीतर कुबट वास जाऊन धुरकट वास येतो आणि मुलाला शाळेत त्याचाच त्रास. सकाळी शिवण दमट लागली तर आतून इस्त्री फिरवा आणि शर्ट गार होऊन पूर्ण सुकला की मगच घालू द्या.

जमत असेल तर पावसाळ्यापुरते तीन शर्ट ठेवा. नवा शिवायचा असेल तर दुकानदाराला त्याच रंगात सुती भाग जास्त असलेलं कापड मागा आणि शिंप्याला काखेत अर्धा इंच सैल ठेवायला सांगा. वाढत्या अंगाला घट्ट शर्ट काखेत चिकटतो. आत सुती बनियन हवंच, आणि तेही रोज धुतलेलं. रात्रीचा टीशर्ट आणि उशीचा अभ्राही विसरू नका. दिवसभराचा गणवेश स्वच्छ आणि रात्री चार दिवसांचा घामट टीशर्ट, असं पुष्कळ घरांत असतं.

बूट, मोजे आणि चिखल्या

भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. पावसाळ्यात शाळेची परवानगी असेल तर सरळ प्लॅस्टिकची सँडल. बूट सक्तीचे असतील तर आतला सोल बाहेर काढा, रद्दीचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते बदला, आणि बूट तोंड वर करून वाऱ्यावर ठेवा. दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरा. मोजे सुती, रोज धुतलेले, आणि दप्तरात एक कोरडा जोड.

पायाच्या बोटांमध्ये पांढरी, ओलसर, फाटलेली त्वचा म्हणजे चिखल्या. तळव्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि भयंकर वास असेल तर तो जिवाणूंचा वेगळा संसर्ग असतो, औषधाने बरा होतो. जांघेत गोल, लालसर, खाजरा चट्टा दिसला तर तो गजकर्ण असण्याचा संभव असतो. इथे एक कळकळीचं सांगणं: मेडिकलमधून कोणीतरी सुचवलेलं, तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलम आणू नका. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बरं वाटतं, आणि खाली गजकर्ण पसरत राहतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं असंच झालं. जुलैत रुपयाएवढा असलेला चट्टा दिवाळीपर्यंत कमरेभर झाला होता.

तुरटी, डिओ आणि घरगुती उपाय

दाढीनंतर फिरवतात ती तुरटी काखेच्या वासावर खरोखर काम करते. ती जिवाणूंची वाढ रोखते आणि त्वचा आकसून घेते. गुळगुळीत खडा घ्या, टोकं टोचणारी नकोत. आंघोळीनंतर खडा ओला करून काखेवर दोन-तीनदा फिरवायचा, सुकू द्यायचं, मग बनियन. कापलेल्या, खरचटलेल्या किंवा नुकत्याच केस काढलेल्या त्वचेवर नाही. प्रत्येकाचा खडा वेगळा. किराणा दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते. मी सुरुवात इथूनच करायला सांगते.

तेवढ्याने भागलं नाही तर दुकानातली उत्पादनं. यात फरक आहे. डिओडरंट जिवाणू कमी करतं किंवा वास झाकतं, घाम थांबवत नाही. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात, घामच कमी होतो. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या काखेत लावायचं. रात्री घाम कमी असतो, म्हणून क्षार नीट बसतात. सकाळी घाईत, ओल्या काखेला फासलं तर उपयोग कमी आणि चुरचुर जास्त. मुलांसाठी रोल-ऑन किंवा कांडी घ्या, वासाला सौम्य.

स्प्रेबद्दल मी कडक आहे. त्यातला वायू ज्वालाग्राही असतो आणि आपल्या न्हाणीत पाणी तापवायची चूल पेटलेली असते. शिवाय बंद खोलीत फवारून तो मुद्दाम हुंगण्याचं वेड काही मुलांमध्ये असतं, आणि त्याने हृदय बंद पडून जीव जाऊ शकतो. घामावर स्प्रे मारून पाठवलं की घाम आणि अत्तर मिळून तिसराच वास तयार होतो, तो वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

लिंबू काखेत चोळायचा सल्ला सर्रास दिला जातो. देऊ नका. नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड आणि काळे डाग उठतात. खाण्याचा सोडाही नको, तो त्वचेची नैसर्गिक आम्लता घालवतो आणि पुरळ येतं. कपड्यांना सोडा चालेल, अंगाला नाही. टाल्कम पावडर ओल्या काखेत गोळे होऊन बसते, लावायचीच तर पूर्ण सुकलेल्या अंगावर, थोडी. दिवाळीचं उटणं सणाला छान, पण वासावरचा रोजचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

काखेतले केस काढलेच पाहिजेत असं नाही. केसांना ओल आणि घाम धरून राहतो, म्हणून कात्रीने आखूड केले तरी फरक पडतो. वस्तरा कोणाशीही वाटून घ्यायचा नाही.

मासळीच्या घरातली मुलं

याबद्दल थोडं थांबून लिहायचं आहे, कारण आमच्या किनाऱ्यावर हा विषय मुलांना फार लागतो. पहाटे बंदरावर आईबरोबर मासळी निवडून, नाहीतर बांगडा-सुकट वाळत घालून मूल शाळेत येतं, आणि वर्गात कोणीतरी नाकाला रुमाल लावतं. हा वास त्या मुलाच्या अंगातून येत नाही. तो हाताला, केसांना आणि कपड्यांना लागलेला असतो. त्याचा वयात येण्याशी संबंध नाही, की मुलाच्या स्वच्छतेशीही नाही. शिक्षक म्हणून माझं काम तो रुमाल खाली ठेवायला लावणं आहे, आणि मी ते करते.

घरी करता येतं ते असं. कामाचे कपडे वेगळे आणि गणवेश वेगळ्या खोलीत, शक्य तर झाकलेला. काम करताना डोक्याला फडकं घट्ट. मासळीचा हिंवस वास ज्या पदार्थांमुळे येतो ते आम्लाने मारले जातात. म्हणून आधी हात लिंबाच्या सालीने किंवा थोड्या कोकम आगळाने चोळायचे, लगेच पाण्याने खळखळून धुवायचे, मग साबण. नखांत ब्रश. हे फक्त हातांसाठी, आणि उन्हात जायच्या आधी धुवून टाकायचं. वेणी घालण्यापूर्वी केसांवरून ओला पंचा फिरवला तरी पुष्कळ वास जातो.

मासे खाल्ल्याने अंगाला वास येतो का, असं विचारतात. बहुतेकांना येत नाही. शरीरात एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) कमी असलेली अगदी मोजकी माणसं असतात, त्यांच्या घामाला, श्वासाला आणि लघवीला सतत मासळीचा वास येतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. लसणीचा वास घामातून जाणवतो आणि मेथीचे लाडू खाल्ले की घामाला गोडसर वास येतो, पण त्यासाठी मुलाचं जेवण तोडू नका. वाढतं वय आहे. पाणी कमी पिऊन घाम थांबवायचा प्रयत्न काही मुलं करतात, तेवढं मात्र थांबवा.

पाळी सुरू झालेल्या मुली

पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्तस्राव कमी असला तरी. कापड वापरत असाल तर ते उन्हात किंवा मोकळ्या वाऱ्यावर पूर्ण वाळलं पाहिजे. लाजेने पलंगाखाली, दुसऱ्या कपड्याच्या आड वाळवलेलं कापड दमट राहतं आणि संसर्ग होतो. त्या दिवसांत आंघोळ करू नये असं अजूनही काही घरांत सांगतात. आंघोळ रोज करायची, गरम पाण्याने केली तर पोटालाही आराम पडतो. सुगंधी पॅड नको. वास येणारा, पिवळट-हिरवा किंवा दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर डॉक्टरांकडे.

दप्तरातली पिशवी

कापडी छोटी पिशवी, त्यात एक हातरुमालाएवढा पंचा, कोरडे मोजे, शक्य तर एक बनियन आणि ओलं ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी. मुलीच्या पिशवीत दोन पॅड. खेळाच्या तासानंतर नळावर पंचा भिजवून काखा पुसायच्या, कोरड्या टोकाने टिपायच्या. दोन मिनिटं लागतात. ही पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करायची. माझा मुलगा एकदा विसरला आणि शनिवारचं ओलं बनियन सोमवारी निघालं, तेव्हा पुस्तकांनाही तो वास लागला होता.

डॉक्टरांकडे केव्हा

मुलीला ८ वर्षांच्या आधी किंवा मुलाला ९ वर्षांच्या आधी काखेचा वास येऊ लागला, विशेषतः केस, मुरुमं किंवा झपाट्याने वाढलेली उंची बरोबर असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा काळजीचं काही निघत नाही, पण तपासणी हवी. काखेत किंवा जांघेत दुखऱ्या गाठी पुन्हा पुन्हा येऊन फुटत असतील, तळहातांवरून वहीवर पाणी ठिबकावं इतका घाम येत असेल, महिनाभर वरचं सगळं नीट करूनही फरक पडत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ. रात्री कपडे भिजतील असा घाम, त्याबरोबर ताप, खोकला किंवा वजन उतरणं, हे थांबवून ठेवायचं नाही. आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, खूप तहान, सारखी लघवी, गळून गेलेलं मूल, अशी लक्षणं असली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा. तो मधुमेह असू शकतो.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे, त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ल्याची सोय असते, आणि मूल एकटंही जाऊन बोलू शकतं.

कामं मुलाच्या हाती देताना

सगळं एकदम सोपवू नका. पहिला महिना आंघोळीचा क्रम आणि पंचा. दुसऱ्या महिन्यात शर्ट काढला की उलटा करून भिजत टाकणं. मग स्वतःचं बनियन आणि मोजे स्वतः धुणं, मुलग्यांनीही. बारा वर्षांच्या मुलाला एक शर्ट पंच्यात पिळून हँगरला लावता आला पाहिजे. आमच्या पडवीत त्याची एक खुंटी ठरलेली आहे, मला न विचारता तिथे रोज संध्याकाळी साडेपाचला एक शर्ट, एक बनियन आणि मोज्यांचा जोड लागतो. आठवड्यातून एकदा, रविवारी इस्त्री करताना, काखेच्या शिवणीवर इस्त्री टेकवून मी अजून वास घेऊन बघते.